दोन बोटं

वळणावर ट्राम जराशी हिसकली आणि शूगोचा हात वरच्या कडीतून सुटला. सुटला हे त्याला कळलं तेही समोर बसलेल्या म्हातारीच्या मांडीवरच्या मुळ्यांच्या जुडीवर जाऊन आदळल्यावर. हिसका म्हणावा असाही तो नव्हता. शेजारच्या कारकुनाने वर्तमानपत्रातून मानसुद्धा वर काढली नव्हती, दाराशी उभ्या असलेल्या दोन शाळकरी मुली एकमेकींना धरून नुसत्या डोलल्या होत्या. पडला तो एकटा सामेशिमा शूगो. रोज पहाटे टेकडीच्या पायऱ्या पळत चढून ज्याच्या मांड्या दगडासारख्या झाल्या होत्या, ज्याला पाहून गल्लीतली माणसं म्हणायची की हा पोरगा भूकंपातही उभाच राहील, तो.

"अरे अरे, माझे मुळे!" म्हातारी ओरडली. "उभ्या उभ्या डुलकी लागली की काय रे पोरा?"

"माफ करा, आजी. चुकलं."

"केलं माफ. पण मुळा मोडला असता तर आमच्या म्हाताऱ्याने मला मोडलं असतं." तिने त्याच्या खांद्यावरच्या लांबोडक्या पिशवीकडे आणि बारीक कापलेल्या डोक्याकडे पाहिलं. "बेसबॉलवाला का तू? आज सामना?"

"हो."

"मग नीट धर की. साधी कडी धरवत नाही, चेंडू काय धरशील?"

आजूबाजूचे चारदोन लोक हसले. रीत म्हणून शूगोही हसला आणि मान लववून मागे सरकला. पिशवी उजव्या खांद्यावर घेऊन त्याने कडी आता डाव्या हाताने धरली. कारण डाव्या हाताला कळत होतं. कडीचा गुळगुळीतपणा, तिच्यावर बसलेली बारीक राखेची खरखर, त्याच्या आधी ती धरून गेलेल्या कुणाच्या तरी तळव्याचा ओलसरपणा, सगळं. उजव्या हाताच्या अंगठ्याला, तर्जनीला, मधल्या बोटालाही कळत होतं. शेवटची दोन मात्र नुसती लटकलेली होती, वाळत घातलेल्या मोज्यांसारखी. हे त्याला नवीन नव्हतं. जूनच्या सुरुवातीला सकाळी तोंड धुताना पहिल्यांदा वाटलं होतं की पाणी तीनच बोटांना लागतंय. हात अवघडला असेल, म्हणून त्याने तो झटकला. मग रोज झटकू लागला. झटकला की कधी कधी मुंग्या येत आणि मुंग्या आल्या की त्याला बरं वाटे, कारण मुंग्या म्हणजे निदान काहीतरी. चेंडू फेकायला ही दोन बोटं लागत नाहीत, असं त्याने स्वतःला समजावलं होतं. वेग येतो तो पहिल्या दोन बोटांतून. ही दोन बिचारी मागे दुमडून बसलेली असतात, बसमध्ये फुकट प्रवास करणाऱ्या पाहुण्यांसारखी. पण आज ती सुटली आणि सुटताना त्यांनी त्याला सांगितलंही नाही. शूगोला धस्स झालं ते याचंच. पडल्याचं त्याला काही वाटलं नाही. आपल्याच हाताने आपल्याला न विचारता काहीतरी केलं होतं.

एरवी तो उजवा हात कशालाच लावत नसे. दार डाव्या हाताने उघडायचं, बादली डाव्या हाताने उचलायची, झोपायचं ते डाव्या कुशीवर. आईने कलिंगड चिरायला सांगितलं तरी सुरी डाव्या हातात आणि मग फोडी वेड्यावाकड्या. "राजाचा हात तो," आई म्हणायची, "त्याला कामं सांगायची नाहीत." आई कपडे धुण्याच्या दुकानात इस्त्रीवर होती. उन्हाळ्यात वारा फिरला की समोरच्या ज्वालामुखी डोंगराची राख गावावर येते आणि मग दुकानात करड्या कॉलरींचे ढीग लागतात. आईचे हात त्या वाफेत भाजून जाड झालेले. त्याच हातांनी तिने त्याचे पहिले चेंडू झेलले होते. वडील मालवाहू जहाजावर असायचे, महिनोन्‌महिने घरी नसायचे. संध्याकाळी दुकान बंद झालं की मागच्या अंगणात आई उकिडवी बसायची, वाफेने विस्कटलेले केस फडक्यात बांधून, शाळेत असताना वापरलेला जुना हातमोजा घालून. "ये! घाबरतोस काय? मी काही काचेची नाही!" सहावीत असताना एका संध्याकाळी चेंडू हातमोज्याच्या कडेला लागला आणि तिच्या अंगठ्याचं हाड मोडलं. ती ओरडली नाही. अंगठा दुसऱ्या मुठीत धरून ती खाली बसली आणि थोड्या वेळाने वर बघून हसली. डोळ्यांत पाणी होतं, तरी ते हसू खरं होतं. "संपलं बाई माझं काम," ती म्हणाली. "आता तुला माझ्याहून मोठा कॅचर शोधायला हवा." त्या रात्री शूगोला अभिमान वाटला होता आणि अभिमान वाटला म्हणून लाजही वाटली होती. तेव्हापासून त्याचा वेगवान चेंडू ही दोघांची मिळून कमावलेली वस्तू झाली. ती आपली आपण मोडली असं आईला सांगायचं कसं? हाड मोडलं तेव्हा ती हसली होती. हे ऐकून हसेल?

आणि आई काही एकटी नव्हती. कोपऱ्यावरचा टोफूवाला त्याला पाहिलं की पिशवीत एक जास्तीची वडी टाकायचा आणि म्हणायचा, "कोशिएनच्या मैदानावर उतरलास की टीव्हीत माझ्या दुकानाला हात कर." वसंतात एका विद्यापीठाचा माणूस येऊन जाळीमागे बसला होता, हातात वेग मोजायचं यंत्र घेऊन. जाताना संघाचे प्रशिक्षक हामासाकी सर यांच्याशी काहीतरी बोलला आणि सरांनी नंतर एवढंच सांगितलं, "हा उन्हाळा बघतो म्हणालाय." हा उन्हाळा. शेवटच्या वर्षाचा उन्हाळा, एक सामना हरला की संपणारा. आज उपउपांत्य सामना. आज, आणि मग आणखी दोन जिंकले की कोशिएन, देशभरातल्या शाळांची सगळ्यात मोठी स्पर्धा. यात दोन बोटांना जागा कुठे होती?

शाळेपासून मैदानापर्यंत संघाची बस होती. कॅचर तोकुदोमे नेहमीप्रमाणे शेजारी येऊन बसला आणि सीट करकरली. तोकुदोमे म्हणजे अंगापिंडाने सुमो पैलवान, जेवणाच्या डब्याचं झाकण उघडायच्या आधीच तो डबा अर्धा संपलेला असतो अशी त्याची ख्याती. आज त्याने मांडीवर भाताचे दोन गोळे ठेवले होते आणि तो खिडकीतून बाहेर बघत होता. बाहेर माणसं छत्र्या उघडत होती. पाऊस नव्हता, राख होती.

"खात का नाहीस रे?" शूगोने विचारलं.

"भूक नाही."

"तुला? बस थांबवा, कुणीतरी डॉक्टर बोलवा."

तोकुदोमे हसला नाही. एक गोळा उचलून त्याने शूगोच्या हातावर ठेवला, डाव्या हातावर. "तू खा. आणि आज ऊन फार आहे, जपून." एवढंच. पण तो गोळा देताना त्याने पळभर शूगोच्या उजव्या हाताकडे पाहिलं आणि नजर वळवली. शूगोने गोळ्याचा घास घेतला. गेल्या काही दिवसांपासून आपण याच्याशी खेळाखेरीज काही बोललेलो नाही, हे त्याला आत्ताच जाणवलं. बोटं बधिर व्हायला आणि कोपरही दुखायला लागल्यापासून तो सगळ्यांपासूनच थोडा थोडा लांब उभा राहायला लागला होता. कपडे बदलताना कोपऱ्यात, जेवताना टोकाला. दुखणं एकट्याने लपवायचं म्हटलं की माणूसच एकटा होत जातो.

मैदान तापलं होतं. पहिले तीन डाव बरे गेले. तीन-एक अशी शूगोच्या संघाकडे आघाडी होती, पण ती आघाडी कशी टिकली आहे हे शूगोला ठाऊक होतं. चेंडू नेमापेक्षा वर जात होते. कोपराच्या आतल्या बाजूला प्रत्येक फेकीबरोबर कुणीतरी ओली दोरी पिळल्यासारखं होत होतं. घाम पुसायच्या निमित्ताने तो हात झटकत होता आणि मुंग्यांची वाट बघत होता. मुंग्या येत नव्हत्या. बाकावरून मुलांचा एकसुरी घोष चालला होता, वरच्या पायऱ्यांवर बँडवाली मुलं ढोल बडवत होती आणि या सगळ्या आवाजाच्या मधोमध, चेंडू फेकायच्या मातीच्या उंचवट्यावर, त्याला फक्त ट्राममधल्या म्हातारीचं वाक्य ऐकू येत होतं. साधी कडी धरवत नाही. साधी कडी धरवत नाही.

चौथ्या डावात समोरच्या संघाचे दोन गडी धाव घ्यायच्या तयारीत तळांवर येऊन उभे राहिले आणि फलंदाजीला आला तो त्यांचा सगळ्यात थोराड डावखुरा. तोकुदोमेने मांड्यांच्या आड एक बोट दाखवलं. सरळ, वेगवान. शूगोने मान हलवली, नको. सरळ चेंडू या माणसाने मघाशी कुंपणापर्यंत मारला होता. तोकुदोमेने तीन बोटं दाखवली. हळू चेंडू. शूगोने पुन्हा मान हलवली. आता उरला होता एकच, दोन बोटांचा इशारा, वळणारा चेंडू. तो टाकला की कोपर पेटतो. पण या घटकेला दुसरं काही चालणार नव्हतं, हे अख्ख्या मैदानाला कळत होतं. शूगो वाट बघत राहिला. तोकुदोमेची मूठ तशीच मिटलेली. इतक्या लांबून, जाळीच्या मुखवट्याआडून त्याचे डोळे दिसत नव्हते, पण मूठ दिसत होती. ती उघडत नव्हती. आणि तेव्हा शूगोच्या मनात एकदम लख्ख झालं. मागच्या सामन्यातही हा इशारा आला नव्हता. त्याच्या आधीच्याही सामन्यात नव्हता. आपण समजत होतो की आपण हुशारीने वळणारा चेंडू टाळतोय. टाळत होता तो. त्याने तो चेंडू कधी मागितलाच नव्हता.

तोकुदोमेने पंचांकडे हात वर करून वेळ मागितली आणि मुखवटा डोक्यावर सारून तो जड पावलांनी आला. हातमोजा तोंडावर धरून, पलीकडच्यांना ओठ दिसू नयेत म्हणून.

"तो चेंडू मी मागणार नाही," तो म्हणाला. "माझा हात मोडला तरी नाही."

"तुला कधीपासून माहितीये?"

"जूनपासून. तू पाणी पिताना पेला दोन्ही हातांनी धरायला लागलास ना, तेव्हापासून."

"मग बोलला का नाहीस, गाढवा?"

"तू बोलशील म्हणून!" तोकुदोमेचा आवाज फाटला. त्याचं मोठं थोरलं तोंड लहान मुलासारखं वाकडं झालं होतं. "हात तुझाय ना? मी सरांना जाऊन सांगितलं असतं तर तुझा उन्हाळा मी संपवला असं झालं असतं. नाही सांगितलं तर तुझा हात मी संपवला असं होतंय. मी काय करायचं? मला घास जात नाहीये, शूगो. मला! आईने मला जंताचं औषध दिलं."

शूगोला हसू फुटलं. नको त्या जागी, नको त्या वेळी, पोटातून. हसता हसता त्याच्या लक्षात आलं की कित्येक दिवसांत आपण असं हसलो नव्हतो आणि त्याबरोबर छातीतला कुठलासा खिळाही सैल झाला. इतके दिवस त्याला वाटत होतं की हे ओझं आपल्या एकट्याच्या खांद्यावर आहे. दुसरं टोक या जाड्याच्या खांद्यावर होतं आणि तो बिचारा हूं की चूं न करता चालत होता.

"जातो मी," शूगो म्हणाला.

"कुठे?"

"सरांकडे."

शाळेच्या सामन्यात सरांना मैदानात पाऊल टाकायची मुभा नसते, निरोप असला तर एखादा मुलगा धावतो. म्हणजे जायचं ते शूगोनेच. ती वाट काही लांब नव्हती, पण चालताना त्याला वाटलं की ढोल थांबलेत. ते थांबले नव्हते. हामासाकी सर बाकापुढच्या पायरीवर हाताची घडी घालून उभे होते. तीन वर्षांत शूगोने त्यांच्याशी डोळ्याला डोळा देऊन पाचदहा वाक्यंसुद्धा बोलली नसतील. त्यांच्यापुढे सगळ्यांचं एकच वाक्य असायचं, 'हो, सर'.

"सर, उजव्या हाताची दोन बोटं कळत नाहीत."

सरांनी टोपी काढली. त्याचा हात आपल्या हातात घेतला आणि नखाने करंगळी दाबली. "हे?"

"नाही."

"हे?"

"नाही, सर."

"कधीपासून?"

"जूनपासून."

शूगोने मार खायची तयारी ठेवावी तशी मान खाली घातली. पण सर त्याच्याकडे बघत नव्हते, त्या बोटांकडे बघत होते आणि त्यांच्या कपाळावरून घाम ओघळून भुवईत जिरत होता.

"एवढे दिवस," ते हळू आवाजात म्हणाले, "आणि मला नाही सांगितलंस. मी इतका भीतीदायक आहे का रे?"

मग सवयीने, एका सुरात, बाकावरच्या सगळ्या मुलांच्या तोंडून निघून गेलं, "हो, सर!"

सरांनी वळून बघितलं. एकेकाने जीभ चावली. आणि सर, ज्यांना हसताना कुणी पाहिलं नव्हतं, नाकातून एकदा फुसकन हसले. लगेच त्यांनी टोपी घातली, तोंड पुन्हा लाकडाचं झालं. "अरिमुरा! तू जा. सामेशिमा, तू बस इथे. माझ्या शेजारी. तो हात बर्फात घाल."

अरिमुरा दुसऱ्या वर्षाचा. काटकुळा, कानांवर मोठी टोपी येणारा, आणि त्याचा चेंडू इतका हळू की सरावात मुलं म्हणायची, तो पोचेपर्यंत डुलकी काढता येते. शूगोने त्याला कधी खिजगणतीत धरलं नव्हतं. आता अरिमुरा समोर उभा होता आणि टोपी सारखी मागे सारत होता.

"दादा, माझ्याने होईल का?"

"त्यांनी तीन डाव माझे वेगवान चेंडू बघितलेत," शूगो म्हणाला. "आता तुझा बघून त्यांना वाटेल घड्याळ बंद पडलं. मुद्दाम जोर लावू नकोस. आहे तसाच टाक."

"तोकुदोमेदादाही हेच सांगतात. रोज संध्याकाळी तुम्ही गेल्यावर मला थांबवून घेतात आणि टाकायला लावतात." अरिमुरा कावराबावरा झाला. "सांगू नको म्हणाले होते."

शूगोने चेंडू त्याच्या हातमोज्यात ठेवला. मुठीतून चेंडू गेला आणि त्याला वाटलं होतं तसं काही झालं नाही. आभाळ कोसळलं नाही. हात फक्त हलका झाला.

बाकावर बसून सामना बघणं ही त्याच्यासाठी नवलाची गोष्ट होती. उंचवट्यावरून त्याला कायम एक फलंदाज आणि एक हातमोजा दिसायचा, बाकीचं जग अंधूक. इथून सगळं दिसत होतं. चेंडू सुटला की सगळी मुलं एकदमच जराशी पुढे झुकतात, जसा वारा भातावरून जातो. डाव्या कोपऱ्यातला पोरगा दोन चेंडूंच्या मध्ये स्वतःशीच काहीतरी पुटपुटतो. आपल्या पाठीमागे तीन वर्षं ही माणसं अशी उभी होती? त्या थोराड डावखुऱ्याने अरिमुराचा पहिला चेंडू यायच्या आधीच बॅट फिरवली आणि स्वतःभोवती गिरकी घेऊन तो मातीत बसला. शूगो किंचाळत उठला. त्यानंतर तो बसलाच नाही. बर्फाचं भांडं कुठे लवंडलं त्याला कळलं नाही. "वर बघ! वर! मागे, मागे! अरे, माझ्या राजा, झेल!" असं तो प्रत्येकाला नावाने ओरडत राहिला. सरांनी एकदा त्याच्याकडे तिरपं पाहिलं, पण गप्प बस म्हणाले नाहीत. अरिमुराला बराच मार पडला, आघाडी गेली, पुन्हा आली. शेवटच्या डावात तोकुदोमेने हाणलेला चेंडू दोन क्षेत्ररक्षकांच्या मधून निसटला आणि तो गडी आपलं सगळं वजन घेऊन धावत सुटला. बाकासमोरच्या शेवटच्या तळावर येऊन तो पोटावर घसरला, उठला तेव्हा तोंड, छाती, दात सगळं मातीने माखलेलं. जिंकले होते. शूगोच्या मिठीत कोसळत तो पहिलं वाक्य बोलला ते असं, "भाताचा गोळा उरलाय का?"

दवाखान्यात सरच घेऊन गेले. आईला दुकानातून बोलावून घेतलं होतं, ती एप्रनवरच आली. डॉक्टरीण बाई उतारवयाच्या होत्या, चष्मा नाकावर घसरलेला. त्यांनी कोपर दाबला, वाकवला, बोटांमध्ये कागद धरायला लावला आणि एक्स-रे दिव्यासमोर धरून बघितला. आई खुर्चीच्या टोकावर बसली होती, दोन्ही हात मांडीवर घट्ट धरून.

"मज्जातंतू ताणला गेलाय," बाई म्हणाल्या. "तुटलेला नाही. आणखी दोनचार सामने फेकला असतास तर मी वेगळं काही सांगितलं असतं. आता हे वर्ष संपेपर्यंत चेंडूला हात लावायचा नाही. पुढच्या वसंतात हळूहळू सुरू करायचं." मग चष्म्यावरून बघत त्यांनी विचारलं, "तुला किती वर्षं फेकायचंय?"

हा प्रश्न त्याला कुणी कधी विचारला नव्हता. किती वेगाने, कुठल्या संघात, कुठल्या मैदानावर, हे सगळ्यांनी विचारलं होतं. शूगोच्या डोळ्यांसमोर आलं ते नदीकाठचं गवताळ मैदान, जिथे रविवारी पहाटे गावातली वयस्क माणसं खेळतात. त्यांच्यातला एक पिचर, डोक्यावर एक केस नाही, गुडघ्याला पट्टा. प्रत्येक फेकीआधी तो समोरच्याला टोमणा मारतो, चेंडू हवेत रेंगाळत जातो आणि मारला गेला की म्हातारा सगळ्यांपेक्षा जोरात हसतो. पहाटेच्या धावण्यात शूगो पुलावर थांबून त्याला बघायचा. एवढा वेगवान चेंडू असलेल्या पोराने त्या म्हाताऱ्यासारखं व्हायची इच्छा धरायची, हे कुणाला सांगायची सोय नव्हती. त्याने ते स्वतःलासुद्धा नीट सांगितलं नव्हतं.

"सत्तरीपर्यंत," तो म्हणाला. ओरडून ओरडून घसा बसला होता, शब्द खरखरत बाहेर आला.

"काय?"

"सत्तर वर्षांचा होईपर्यंत. नदीकाठी."

डॉक्टरीण बाई थांबल्या आणि मनापासून हसल्या. "मग हे एक वर्ष म्हणजे किस झाड की पत्ती!"

सर खिडकीकडे तोंड करून उभे होते. विद्यापीठाच्या माणसाचं बघतो मी, असं काहीसं ते काचेला म्हणाले आणि गाडी काढायला खाली गेले.

शूगो आईकडे वळला. आता सगळं सांगायचं होतं. जूनपासूनचं, पाण्याचं, मुंग्यांचं, माफ कर म्हणायचं होतं. त्याने तोंड उघडलं आणि नुसती हवा निघाली. सत्तरीपर्यंत म्हणताना होता नव्हता तेवढा आवाज संपला होता. त्याने पुन्हा प्रयत्न केला. घशातून दरवाजाच्या बिजागरीसारखा कर्र आवाज आला.

आई उठली. वाफेने जाड झालेला तळवा तिने त्याच्या बारीक कापलेल्या डोक्यावरून उलटा फिरवला, तो लहान असताना फिरवायची तसा.

"दुखत होतं?" तिने विचारलं.

त्याने मान डोलावली.

"भीती वाटत होती?"

त्याने मान डोलावली.

"मला सांगायची?"

त्याने पुन्हा मान डोलावली, मग नाही अशी हलवली, मग पुन्हा डोलावली आणि डोळे पाणावले.

"बरं," आई म्हणाली. "उद्या आवाज आला की सांग. घाई नाही." तिने त्याची लांबोडकी पिशवी उचलून आपल्या खांद्यावर टाकली आणि दाराकडे निघाली. "चल. मला भूक लागलीये. आज तू बोलू शकत नाहीस, म्हणजे काय खायचं ते मी ठरवणार."